कान चांगले, पण बोल कळेना
(नालवाडी येथील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज गुरुजींनी आम्हांला बोलायला उभे केले आहे. उभा मी एकटाच आहे. पण हकीकत आम्हां नवराबायको दोघांची आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. ती समोरच बसली आहे. कुठे चुकले तर तिथूनच टोकेल.

हकीकत आमच्या मुलाची आहे. तो आता 7 वर्षांचा आहे. सायकलची साखळी उतरली तर तो ती बसवतो. कोणत्या गाईचे वासरू कोणते, हे त्याला बरोबर ठाऊक असते. पण "चप्पल घाल, बाहेर जा आणि आजीला हाक मार," असे एका दमात सांगा. तो नुसता आजीपुढे जाऊन उभा राहतो. आधीचे सारे वाहून जाते. 'काल' आणि 'उद्या' यांची गल्लत करतो. 'आई गेला' म्हणतो. त्याच्या वयाची पोरे गोष्टी सांगतात. हा बोट दाखवतो. आपले कुणाला कळले नाही, की रडतो, नाहीतर मारतो.

तो 2 वर्षांचा होता तेव्हा चार-सहा शब्दच बोलायचा. आजी म्हणाली, "त्याचा बापबी उशिराच बोलला. कायले भेता?" आम्ही थांबलो. तिथे पहिली चूक झाली. त्या वयाचे मूल साधारण पन्नासेक शब्द बोलते. 'पाणी दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडते. तसे होत नसेल तर थांबू नये, मुलाला दाखवावे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांचे पथक येते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे ते पथक. उशिरा बोलणे हेही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक आले त्या दिवशी आम्ही लग्नाला गेलो होतो.

चौथ्या वर्षी कान तपासले. चिठ्ठी मिळाली: कान चांगले. आम्ही पेढे वाटले! त्या आनंदात आमचे आणखी एक वर्ष गेले. कान चांगले, मग आता बोलेलच, असे आम्ही धरून चाललो.

पुढे वाचातज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले तेव्हा डोक्यात उजेड पडला. आवाज कानात शिरणे हे एक काम. त्या आवाजांतून शब्द वेगळे करणे, ते ध्यानात धरणे, त्यांचा अर्थ लावणे आणि आपले वाक्य जुळवणे हे दुसरे काम. आमच्या मुलाचे पहिले काम ठीक आहे, दुसरे अडते. याला भाषेचा विकार म्हणतात. यात मुलाची बुद्धी कमी असते असे नाही. आईबापांनी बोलणे कमी केले, म्हणूनही तो होत नाही. घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि बाजारात हिंदी, अशा दोन-तीन भाषा कानावर पडल्यानेही तो होत नाही. शेजारणीने हे शेवटचे कारण काढून हिला फार रडवले होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

हा विकार विरळा नाही. इंग्लंडमध्ये 4-5 वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. ती 2016 साली छापली. दुसरे काही कारण नसताना भाषेचा विकार असलेली मुले शंभरात सुमारे सात निघाली. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. तरी याला नाव काय द्यावे, यावर इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या तज्ज्ञांचे एकमत व्हायला 2017 साल उजाडले. बहिऱ्या मुलांसाठी मुंबईत शाळा निघाली ती 1885 साली. तिकडे सव्वाशे वर्षांहून जुनी वाट आहे, इकडे पायवाटही धड नाही.

त्याचा अनुभव आम्हांला आला. शाळेत मास्तर म्हणाले, "याला खास शाळेत घाला, आमच्याने होत नाही." आम्ही बहिऱ्या मुलांच्या एका शाळेत गेलो. तिथे वाचा शिकवणाऱ्या बाई होत्या, वर्ग लहान होते. आम्हांला वाटले, हेच पाहिजे. ते म्हणाले, "याला तर ऐकू येते. नियमात बसत नाही." मग मंदबुद्धी मुलांच्या एका शाळेत गेलो. त्यांनी चाचणी घेतली आणि म्हणाले, "याची बुद्धी चांगली आहे. इथे कशाला?" पुन्हा गावच्या शाळेत आलो, तर तिथे नाव लावायला तयार नाहीत. तीन दारे, तिन्ही बंद. आणि मंडळी, हे सारे तोंडी! एकानेही कागदावर लिहून दिले नाही.

दिव्यांगाच्या दाखल्याचीही तीच गत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत वाचा व भाषा हा प्रकार आहे. पण व्याख्या अशी, की शरीरातल्या किंवा मेंदूतल्या दोषाने कायमचे आलेले व्यंग. उदाहरण दिले आहे ते स्वरयंत्र काढलेल्या माणसाचे, नाहीतर मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्याचे. जन्मापासून भाषा उमगत नाही त्या पोराचे काय? मंडळाने आमच्या मुलाला 40 टक्क्यांच्या आत ठेवले. 40 टक्के भरले असते, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या खास शाळेत फुकट शिकण्याचा हक्क, कलम 31 प्रमाणे, मिळाला असता.

आम्ही हात टेकले होते. तेव्हा गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षिका भेटल्या. त्या म्हणाल्या, "कलम 16 ला 40 टक्के लागत नाहीत. दिव्यांग मुलाला भेदभाव न करता शाळेत घ्या आणि त्याला लागेल ती मदत द्या, असे ते कलम आहे. शिवाय 2009 चा शिक्षणहक्क कायदा सगळ्याच मुलांचा आहे. त्याच्या कलम 32 खाली लेखी तक्रार करा. स्थानिक प्राधिकरणाने तुमचे ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील."

तक्रार हिने लिहिली. याच वर्गात, याच कंदिलाच्या... (ती म्हणते, कंदील नव्हता, दिवा होता. बरे, दिवा.) पहिल्या खेपेला चार पाने झाली. सगळे रडगाणे. बाईंनी वाचले, काही बोलल्या नाहीत, नुसत्या रेघा मारत गेल्या. उरले ते एक पान. मुलगा काय करू शकतो. काय करू शकत नाही. कोणत्या तारखेला कोणत्या शाळेने काय सांगितले. त्याला काय हवे: लहान वर्ग, आठवड्यातून ठरलेले दिवस वाचातज्ज्ञ, आणि सांगितलेले काम चित्रांतून दाखवणारे गुरुजी. सोबत कानाची चिठ्ठी, बुद्धीची चाचणी, वाचातज्ज्ञांचा कागद. दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का घेतला. कारकून म्हणाला, "पोच कायले पाहिजे?" ही म्हणाली, "तीन महिने मोजायले."

अकराव्या आठवड्यात बोलावणे आले. तिथे एका साहेबांनी विचारले, "हाताने काम चांगले करतो म्हणता, मग शाळेचा एवढा आग्रह का?" प्रश्न वाईट हेतूने नव्हता. आपल्या या नालवाडीत 1932 साली विनोबा राहायला आले आणि सूत काढत बसले. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, असे 1937 साली वर्ध्याच्याच परिषदेत ठरले. आम्हांला हाताच्या कामाची लाज नाही. आम्ही म्हणालो, "साहेब, तिथे कामातून बोलणे, मोजणे, लिहिणे शिकवायचे होते. नुसते काम देऊन पोराला गप्प बसवायचे नव्हते."

निकाल अर्धा आमच्या बाजूने लागला. गावच्या शाळेने नाव लावले. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन दिवस येतात. दिवसभराची कामे चित्रांच्या पट्टीवर लावलेली असतात. मास्तर आता त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगतात आणि थोडे थांबतात. तेच मास्तर, बरे का! मारणे बरेच कमी झाले आहे. पण वाचातज्ज्ञ नाही. ज्या शाळेत तो आहे तिथली जागा नाकारली, मात्र या वेळी कारण लिहून दिले.

त्या जागेबद्दल आम्हां दोघांत भांडणही झाले. शाळा नागपूरकडे. इतके लहान पोर, ज्याला धड सांगताही येत नाही, त्याला वसतिगृहात कसे ठेवायचे? त्याला दुखले-खुपले तर तो कुणाला सांगणार? ही आठ दिवस जेवली नाही धड. शेवटी असे ठरवले, की आधी जागा मागायची, आणि त्याच कागदात दुसरी मागणी करायची: जागा देत नसाल तर वाचातज्ज्ञ वर्ध्याला ठरलेल्या दिवशी द्या. दुसरी मागणी मिळाली तर आम्हांला जास्त आनंद होईल, हे इथे खरे सांगतो.

अपील काल लिहून झाले. पाकीट फळीवर ठेवले होते. पोराने ते पाहिले आणि विचारले, "कागद काल जाणार?"

ही म्हणाली, "उद्या."

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "उद्या."

आज सकाळी पाकीट पोस्टात टाकले.