गेलेली पत परत मिळविणें



मोरा बंदर हें आमच्या उरणचें जुनें प्रवेशद्वार. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून लाँच सुटावी, मोऱ्यास लागावी, आणि दिवसभराचे श्रम खांद्यावर घेऊन माणसें आपापल्या घरीं परतावीं, असा येथील नेम आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्‌घाटन झालें, उरणपर्यंतच्या रेल्वेचेंहि त्याच दिवशीं झालें. मुंबई अशी जवळ आल्यावर उरण-पनवेलच्या पट्ट्यांत आपलें पहिलें घर घ्यावें, असें अनेक तरुण कुटुंबांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु घराच्या दाराशीं पोंचण्यापूर्वीं बँकेचें दार ओलांडावें लागतें, आणि तेथें पगाराबरोबरच पत पाहिली जाते. ज्यांची पत एकदां ढासळली आहे, त्यांच्यासाठीं आजचे हे चार शब्द आहेत.

पत हा शब्द आपणांस नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हस्तगत करून जाळले. त्या असंतोषामुळें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या क्षोभामागें अनेक कारणें होतीं; पण वही सावकाराच्या पेटींत असे आणि आपल्या नांवावर काय लिहिलें आहे तें कुळास वाचतां येत नसे, हें त्यांतील मोठें दुःख होतें. आजची वही तशी नाहीं. ती मागतां येते, वाचतां येते, आणि तींत चूक असल्यास दुरुस्तहि करवून घेतां येते. असें असूनहि सुशिक्षित घरांतील किती माणसें ती उघडून पाहतात?

या वहीची व्यवस्था थोडक्यांत अशी. २००० सालीं सिबिल ही संस्था स्थापन झाली. २००५ सालीं पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपलें प्रत्येक कर्ज, त्याचा प्रत्येक हप्ता, झालेला विलंब, इतकेंच नव्हे तर आपण ज्याला जामीन राहिलों त्याचें कर्जहि, येथें नोंदलें जातें. त्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक आंकडा काढला जातो. ७५० च्या वरील आंकडा बँका सामान्यतः चांगला मानतात. प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची हकीगत सांगतों. नोकरी सुटली त्या काळांत त्याच्या क्रेडिट कार्डाचे पैसे थकले. पुढें वसुलीवाल्यांनीं सांगितलें, निम्मे भरा, प्रकरण मिटवूं. त्यानें भरले आणि तो निश्चिंत झाला. पण ‘मिटविलें’ आणि ‘फेडलें’ हे दोन निराळे शब्द आहेत. वहींत त्या खात्यापुढें ‘सेटल्ड’ असा शेरा पडला होता. चार वर्षांनीं लग्न झाल्यावर त्यानें दोन खोल्यांचें घर पसंत केलें, बयाणा दिला, आणि बँकेनें कर्ज नाकारलें. बयाण्यासाठीं उंबरे झिजवावे लागले तें निराळेंच. परंतु बायकोला हें कसें सांगावें, या विचारानें तो अधिक खचला होता.

त्यानें पुढें काय केलें, तें प्रत्येकास करण्याजोगें आहे. प्रथम अहवाल मागवून ओळ न्‌ ओळ वाचली. त्यांत फेडून टाकलेलें दुचाकीचें एक कर्ज अद्याप चालू दाखविलें होतें. त्याविषयीं लेखी तक्रार केली. अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागावा, न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. नंतर त्यानें कार्डाची उरलेली रक्कम भरली, येणें नसल्याचा दाखला घेतला आणि ‘सेटल्ड’चा शेरा बदलून ‘बंद’ असा करवून घेतला. मग मुदतठेवीच्या तारणावर एक लहानसें कार्ड घेतलें, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कधीं वापरलें नाहीं, आणि दरमहा पूर्ण रक्कम मुदतीपूर्वीं भरली. नव्या कर्जासाठीं दहा ठिकाणीं अर्ज केले नाहींत. कारण असा प्रत्येक अर्जहि वहींत उमटतो.

याला सुमारें दोन वर्षें लागलीं. सिबिलच्या अहवालांत मागील ३६ महिन्यांपर्यंतचा हप्त्यांचा वक्तशीरपणा दिसतो; तेव्हां घाई येथें उपयोगाची नाहीं. ‘फी द्या, महिन्याभरांत आंकडा वाढवून देतों’ असें म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादीं लागूं नये. खरी नोंद कोणासहि पुसतां येत नाहीं, आणि खोटी नोंद आपणच विनाखर्च दुरुस्त करवून घेऊं शकतों. हा वाट पाहण्याचा काळ वायांहि जात नाहीं. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जांत घराच्या किंमतीच्या ९० टक्क्यांहून, आणि त्यापुढें पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक रक्कम बँकेस देतां येत नाहीं. उरलेली रक्कम व मुद्रांकशुल्क आपणच उभारावयाचें असतें. पत सुधारतां सुधारतां ही पुंजीहि सांठवावी.

शेवटीं वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंति. थकलेल्या हप्त्याची गोष्ट तरुण मुलें घरांत बोलत नाहींत, कारण आपण तिला अब्रूचा प्रश्न करून ठेवतों. ती लपली म्हणजे व्याज वाढतें आणि वहींत महिन्यामागून महिना काळा होतो. मूल जेव्हां सांगेल तेव्हां प्रथम ऐकून घ्यावें, रागवावयाचें तें मागून. बुंदीनें गेलेली हौदानें येत नाहीं, असें म्हणतात. तें खरें आहे. परंतु बुंदीनें गेलेली बुंदीबुंदीनेंच परत येते, हेंहि तितकेंच खरें आहे.