मेंदूंतील उपेक्षित पेशी

शाळेचें प्रगतिपुस्तक घरीं आलें कीं, बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या बिऱ्हाडांत एक उद्गार हमखास निघतो : "याला मुळांत डोकेंच कमी !" बुद्धि म्हणजे जन्मतः मापून मिळालेला शिधा, ही समजूत त्यामागें असते. ती कितपत खरी, हें पाहण्यास मेंदूंतील एका उपेक्षित पेशीची हकीकत उपयोगी पडेल.

मानवी मेंदूंत संदेश वाहणाऱ्या मज्जापेशी सुमारें ८६०० कोटी आहेत; त्यांच्या सभोंवतीं जवळजवळ तितक्याच इतर पेशी आहेत. त्यांतील एका मोठ्या वर्गास जर्मन वैद्य रुडोल्फ फिर्खो यांनीं १८५६ मध्यें 'ग्लिया', म्हणजे गोंद, या अर्थाचें नांव दिलें. विटांमधील चुन्याहून अधिक मान त्यांना पुष्कळ वर्षें मिळाला नाहीं. वस्तुतः त्या मज्जापेशींचें पोषण करतात, त्यांच्या संदेशांवरही परिणाम घडवितात. २०१३ सालीं अमेरिकेंत मानवी ग्लियांच्या पूर्वपेशी उंदरांच्या पिलांत रुजविल्या, तेव्हां तीं मोठेपणीं इतर उंदरांहून लवकर शिकलीं.

ह्या पेशी निपजतात कशा ? मुंबईंत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, डॉ. शुभा टोळे व त्यांचे सहकारी यांनीं ह्याचा शोध घेतला. २०११ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, स्मरणाशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पस भागांत, उंदराच्या गर्भावस्थेंत, एलएचएक्स-२ ह्या जनुकाचा अंमल असेपर्यंत मातृपेशींपासून मज्जापेशी होत राहतात. तो सुटतांच ग्लियांची पाळी येते. गोंद समजलेल्या पेशी अशा रीतीनें मज्जापेशींच्या धाकट्या बहिणीच ठरतात.

ही पाळी जन्माबरोबर संपत नाहीं. सवंगडी व खेळणीं असलेल्या पिंजऱ्यांत वाढलेल्या उंदरांच्या मेंदूंत ग्लिया अधिक आढळतात, असें मॅरिअन डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ मध्येंच दाखविलें होतें. १९८५ सालीं डायमंडबाईंनीं आइन्स्टाइन यांच्या मेंदूचे चार भाग इतर ११ पुरुषांच्या मेंदूंशीं ताडून पाहिले. त्यांतील एका भागांत मज्जापेशींच्या मानानें ग्लिया अधिक निघाल्या. ह्याचा गाजावाजा फार झाला. परंतु एका डोक्यावरून नियम बसत नाहीं. आणि तें आधिक्य उपजत होतें कीं चिंतनानें आलें, हेंही त्यावरून ठरत नाहीं.

उंदरावरून मुलाचे गुण सांगतां येणार नाहींत, हें खरें. तथापि मेंदू हा वापराप्रमाणें घडत जाणारा अवयव आहे, इतकें निश्चित आहे. तेव्हां प्रगतिपुस्तकावर सही करतांना "डोकेंच कमी" हा निकाल देण्याऐवजीं, मुलाला सोबत, खेळ व नवें कांहीं पाहण्याची संधि किती मिळाली, हें वडील मंडळींनीं आधीं विचारावें.