भोंगा आणि लोकल



दुचाकी आणि मोटारीवर चालणाऱ्या शहराने उपनगरी रेल्वेवर पैसा घालावा काय, असा विषय आम्हांला देण्यात आला आहे. चिटणीसांचे पत्र युनियनच्या कचेरीत वाचले गेले तेव्हा थोडी हसाहसी झाली. आमचे बहुतेक सभासद दुचाक्या, मोटारी किंवा त्यांचे सुटे भाग तयार करतात. एकजण म्हणाला, "अण्णा, लोकल वाढवा म्हणून तुम्ही भाषण ठोकणार, मग आमच्या लाइनवरची गाडी विकत घेणार कोण?" प्रश्न थट्टेचा होता, पण खोटा नव्हता. त्याचे उत्तर आम्ही देऊच; आधी हे शहर असे झाले कसे ते पाहू.

खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी 1858 साली आली, आणि बोरघाटाचा मार्ग 1863 साली खुला झाला. म्हणजे लोहमार्ग येथे कारखान्यांच्या शंभर वर्षे आधीच होता. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पाठोपाठ साठीच्या दशकात मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले. ते सारे या लोहमार्गाच्या आणि मुंबई रस्त्याच्या आसपास. तथापि पुणे–लोणावळा लोकल सुरू व्हायला 1978 साल उजाडले. मुंबईत 1925 पासून विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि वस्ती त्या गाडीच्या मागोमाग कल्याण-विरारकडे सरकत गेली. आमच्याकडे कारखाना आधी, वस्ती नंतर आणि लोकल सर्वांच्या मागून. मधल्या काळात कामगाराने काय करायचे? त्याने सायकल घेतली, मग लूना घेतली, मग मोटारसायकल. ती चैन म्हणून घेतली असे म्हणणाऱ्याने पहाटे पाच वाजता देहूरोडच्या रस्त्यावर एकदा उभे राहून पाहावे.

येथे आमचा स्वतःचा एक कबुलीजबाब आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या वेतनकरारात आम्ही वाहन-कर्जाची मागणी लावून धरली आणि ती पदरात पाडून घेतली. गेटवर पेढे वाटले. त्याच कर्जातून गाडी घेतलेला आमचा एक सहकारी दुसऱ्या पाळीहून घरी जाताना महामार्गावर ट्रकखाली गेला. घरी जाण्याचा रस्ता हा कामाचा भाग नव्हे, असे म्हणून व्यवस्थापनाने हात झटकले. कायद्याला हे शहाणपण उशिरा सुचले. 2010 साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन कामावर जातायेता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच मानावा असे ठरले. आमच्या सहकाऱ्याच्या बायकोला त्याचा उपयोग नव्हता. वाहन-कर्ज मागताना बसची किंवा लोकलची मागणी त्याच कागदावर का लिहिली नाही, हे आजही आम्हांला नीट सांगता येत नाही. सुचलेच नाही, हेच खरे.

आता हिशेबाकडे येऊ. कामशेतजवळ राहणारा एक तरुण चिंचवडला ठेकेदाराकडे कामाला आहे. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे पंधराशे साठ किलोमीटर. लिटरला पन्नास किलोमीटर धरले तरी एकतीस लिटर पेट्रोल. शंभरावर भाव, म्हणजे तीन हजारांच्या वर गेले. शिवाय गाडीचा हप्ता वेगळा. लोकलचा महिन्याचा पास हजाराच्या आत येतो. मग हा गाडीने का जात नाही? आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "स्टेशनापासून कंपनी पाच किलोमीटर. कायम कामगारांना कंपनीची बस आहे, आम्हांला तीत बसू देत नाहीत. आणि रात्री पाळी सुटल्यावर लोकल मिळेलच याची हमी कोण देतो?" आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म या तीन वाक्यांत आले. पुणे ते लोणावळा मार्ग दुहेरी. त्यावरूनच मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या जाणार, आणि लोकलने बाजूला उभे राहून त्यांना वाट द्यायची. तिसऱ्या-चौथ्या मार्गाची बोलणी वर्षानुवर्षे आपण ऐकत आलो आहोत.

जागेचा हिशेब तर शाळेतल्या पोरालाही करता येईल. दोन मीटर लांबीच्या एक हजार दुचाक्या एकामागे एक नुसत्या उभ्या केल्या तरी रांग दोन किलोमीटरची होते. चालू लागल्या की कितीतरी अधिक. तेवढी माणसे बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये मावतात. रस्ता कितीही रुंद केला तरी हे गणित बदलत नाही.

पण एवढ्यावरून "घाला पैसा रेल्वेत" असे म्हणून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. मोटारींचे शहर म्हणून जगात ज्याचे नाव प्रथम घेतात त्या लॉस एंजेलिसची हकीकत या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. तेथे एके काळी विजेच्या तांबड्या गाड्यांचे प्रचंड जाळे होते. मोटारवाल्यांनी कट करून ते मोडले, ही गोष्ट आम्ही तरुणपणी सभांतून फार रंगवून सांगत असू. पुढे वाचल्यावर कळले की कटाच्या गोष्टीत जेवढे रंग आहेत तेवढे पुरावे नाहीत. मोटारींच्या गर्दीत त्या गाड्याच अडकून पडत होत्या, आणि त्यांच्यावर पैसा घालायला कोणी तयार नव्हते. शेवटची, लाँग बीचची गाडी 1961 साली बंद झाली. 1980 साली तिथल्या मतदारांनी वाहतुकीसाठी अर्धा टक्का विक्रीकर स्वतःवर लादून घेतला, आणि 1990 साली बव्हंशी त्याच जुन्या वाटेवरून पुन्हा लाँग बीचला गाडी धावू लागली. मोडलेले पुन्हा बांधायला एकोणतीस वर्षे गेली.

यापुढचा भाग आमच्या कामाचा. रेल्वे बांधणारी तीच सरकारी संस्था 1994 साली बसचे भाडे वाढवून महिन्याचा पास बंद करायला निघाली. बसने जाणारे कोण? मोलकरणी, शिवणकारखान्यांतल्या बाया, काळे आणि मेक्सिकन मजूर. त्यांनी बस-प्रवाशांची युनियन उभारली, कोर्टात गेले, आणि 1996 साली तडजोड होऊन पास राहिला, गर्दी कमी करण्यासाठी बसगाड्या वाढवण्याचे संस्थेला कबूल करावे लागले. रेल्वेचा पैसा बसच्या खिशातून काढला तर गरीब माणूस रेल्वेचाच वैरी होतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

पुण्यात 6 मार्च 2022 रोजी मेट्रो सुरू झाली, 2024 मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. आम्हीही तीतून जातो. स्वच्छ आहे, वेळेवर आहे. पण ती शहरातल्या शहरात. ठेक्यावरचा कामगार राहतो मावळात, जिथे खोली परवडते. आणि चाकणला, जिथे एवढे कारखाने, तिथे आगगाडीच नाही. म्हणून आमचे उत्तर असे: पैसा घालावा, जरूर घालावा, पण पहिला रुपया जो मार्ग 1858 पासून जमिनीवर पडून आहे त्याच्यावर घालावा, वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्याकडे पाहून करावे, आणि बसच्या एकाही गाडीला त्यासाठी हात लावू नये.

राहिला आमच्या त्या सभासदाचा प्रश्न. येथे तयार होणारी दुचाकी देशभर जाते, परदेशी जाते. मुंबईत एवढ्या लोकल असून तेथे दुचाक्या खपायच्या थांबलेल्या नाहीत. तरीही चार गाड्या कमी खपतील, हे शक्य आहे, आणि ते आम्ही त्याच्यापासून लपवले नाही. त्याला एवढेच विचारले की, तू स्वतः पहिल्या पाळीला कशाने येतोस? तो म्हणाला, "मुलाने मोटारसायकल नेली की लोकलने."

या वर्षीच्या मागण्यांच्या पत्रकात आम्ही पाचवे कलम घातले आहे: चिंचवड स्टेशनापासून प्रत्येक पाळीला बस, आणि तीत ठेकेदाराच्या कामगारालाही जागा. व्यवस्थापनाने त्यावर अजून काही कळवलेले नाही. बैठक येत्या महिन्यात आहे.