सक्ती सरकारची, भाव कंपनीचा

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त शेंदूरजनाघाट येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेंदूरजनाघाटची ओळख महाराष्ट्राबाहेर आहे ती येथील कलमांमुळे. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून वाढवलेली येथील रोपे सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात जातात, राजस्थानात जातात. पावसाळा लागला की दूरचा गिऱ्हाईक रोपवाटिकेच्या बांधावर येऊन उभा राहतो, रोपे मोजून घेतो, गाडीत भरतो आणि पैसे देण्यासाठी खिशातून फोन काढतो. नेमकी त्याच वेळी रेंज जाते. त्याच्या खात्यातून पैसे वजा झाल्याचे दिसते. कलमवाल्याच्या खात्यात ते जमा झाल्याचा संदेश मात्र येत नाही. एकजण फोन उंच धरून बांधावरून फिरतो, दुसरा हातातल्या फोनकडे पाहत उभा राहतो आणि गाडीवाला घाई करतो. रोपे जाऊ द्यावीत की थांबवावीत? दोघेही प्रामाणिक आहेत, दोघांनीही फोनचे पैसे आगाऊ भरलेले आहेत, आणि तरीही एकमेकांवर अविश्वास दाखवण्याची पाळी त्यांच्यावर येते.

असा प्रसंग सांगितला की श्रोते हसतात, कारण तो प्रत्येकाने अनुभवलेला असतो. परंतु या किरकोळ वाटणाऱ्या त्रासाच्या मुळाशी अर्थशास्त्राचा आणि राज्यव्यवस्थेचा एक गंभीर प्रश्न आहे, आणि तो 'यंत्र आहे, बिघडायचेच' असे म्हणून सुटणारा नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टेलिफोन पूर्णपणे सरकारच्या ताब्यात होता तो काळ सुखाचा होता, असे कोणी म्हणू नये. १८८५ चा तारयंत्र कायदा परकीय सत्तेने आपल्या सोयीसाठी केला आणि स्वतंत्र भारताने तो जवळजवळ तसाच पुढे चालवला. दूरध्वनी ही चैनीची वस्तू मानली गेली. जोडणीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परगावी बोलायचे तर ट्रंककॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे, आणि लागला तर ओरडून बोलावे लागे. १९८४ साली सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने धूळ-उकाड्यात टिकणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंजे बनवली, तेव्हा कोठे खेड्याकडे लक्ष गेले. पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ चौकाचौकांत उभे राहिले. तरीही १९८६ मध्ये जेव्हा दूरध्वनीसाठी स्वतंत्र महामंडळ काढण्यात आले, तेव्हा ते निघाले मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांपुरतेच! समाजवादाची भाषा बोलणाऱ्या शासनाचा टेलिफोनही शहरीच होता, हे समाजवाद्यांनी तरी विसरू नये.

पुढे १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण आले, १९९५ मध्ये मोबाइल आला, १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. २००३ पासून येणारा फोन मोफत झाला आणि तेथूनच मोबाइल खऱ्या अर्थाने गरिबाच्या हातात गेला. हे स्पर्धेमुळे घडले, हे मान्य केले पाहिजे. पण स्पर्धा ही कायमची वस्तू नसते. डझनभर कंपन्या होत्या. काही बुडाल्या, काही विकल्या गेल्या, काही एकमेकींत विलीन झाल्या. आज तीन खासगी कंपन्या आणि सरकारी भारत संचार निगम एवढेच मोठे विक्रेते उरले आहेत. अर्थशास्त्रात याला अल्पाधिकार म्हणतात. अशा मूठभर विक्रेत्यांच्या बाजारात भाव कसे चालतात हे पाहण्यासाठी पाठ्यपुस्तक उघडण्याची गरज नाही. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४, या तिन्ही वेळी एका कंपनीने दर वाढवले आणि काही दिवसांच्या आत इतर खासगी कंपन्यांनीही वाढवले. यात संगनमत होते असे म्हणण्याचेही कारण नाही. चार दुकाने एकाच चौकात असली की एकमेकांच्या पाट्या वाचता येतात.

मोबाइलचे बहुतेक दर कंपन्यांनीच ठरवावेत आणि प्राधिकरणाला कळवावेत, असे नियमनाचे धोरण आहे. त्यामागील युक्तिवाद असा, की भाव परवडला नाही तर ग्राहक दुसरीकडे जाईल किंवा वस्तू घेणार नाही. ज्या वस्तूवाचून चालू शकते, तिच्या बाबतीत तो खराही आहे. संत्री महागली तर माणूस केळी खातो. पण मिठाची मागणी भावाबरोबर कमी होत नाही. तिला अलवचिक मागणी म्हणतात. आणि फोनची मागणी अलवचिक कोणी केली? कंपन्यांनी नव्हे. ती सरकारने केली.

शेतकऱ्याचेच पाहा. २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी असेल तर गटात उभे राहून फोनवर पिकाचे छायाचित्र काढायचे आणि पाठवायचे. नोंद नसेल तर नुकसानभरपाई, विमा, सरकारी खरेदी या सर्व ठिकाणी अडचण. हे काम पूर्वी तलाठी करीत असे. तो बांधावर न येता चावडीत बसून नोंदी करी, अशी तक्रार होती आणि ती पुष्कळ अंशी खरी होती. म्हणून ते काम शेतकऱ्याकडे दिले गेले; पण फोन, रिचार्ज आणि रेंज यांचा खर्चही त्याच्याकडेच गेला. रेंज नसताना माहिती भरून ठेवावी आणि नंतर पाठवावी, अशी सोय आहे. पण प्रारंभी फोनवर येणारा गुप्त आकडा, ज्याला आता खेड्यातली म्हातारी माणसेही 'ओटीपी' म्हणतात, तो यावाच लागतो.

लाडकी बहीण योजनेचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२४ च्या जुलैपासून महिना १५०० रुपये देणाऱ्या या योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. आधारशी जोडलेल्या फोनवर आकडा यावा लागे. बाईचा आकडा पुरेसा नव्हता. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही आकडा लागे. ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी काय करायचे, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना नियम केल्यानंतर सुचला आणि मुदती वाढवाव्या लागल्या.

आता याच बाईच्या फोनचा हिशेब मांडू. तिच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. इंटरनेट तिला नको. २०१८ च्या अखेरीपर्यंत थोडे पैसे शिल्लक ठेवून येणारे फोन घेत राहणे शक्य होते. त्यानंतर किमान रिचार्जचा नियम कंपन्यांनी आणला आणि रिचार्ज संपला की काही दिवसांत येणारा फोनही बंद होऊ लागला. तिला नको असलेले इंटरनेट गाठोड्यात बांधूनच विकले जाई. डिसेंबर २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने हुकूम काढला, की केवळ बोलणे व संदेश यांचे वेगळे रिचार्ज ठेवलेच पाहिजे. हुकूम चांगला होता. पण भाव किती ठेवावा हे त्यात नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी असे रिचार्ज आणले, आणि टीका झाल्यावर भाव थोडे उतरवूनही ते ८४ दिवसांना साडेचारशे रुपयांच्या आसपास राहिले. म्हणजे महिन्याला १६० रुपये. सरकार १५०० देते. ते मिळत राहावेत म्हणून लागणारा क्रमांक जिवंत ठेवण्यासाठी त्यांतला दहावा हिस्सा कंपनीकडे जातो.

महिना म्हणजे किती दिवस, हाही एक गमतीचा भाग आहे. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज तेरा. हा तेरावा महिना पंचांगाच्या अधिकमासासारखा तीन वर्षांतून एकदा येत नाही, दरवर्षी येतो. २०२२ च्या जानेवारीत प्राधिकरणाने सांगितले, की निदान एक रिचार्ज ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा असावा. निदान एक! बाकीचे २८ चे चालू राहिले.

आणि पैसे भरता आले नाहीत तर? बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत. नंतर तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. ज्या क्रमांकावर बँकेचे, आधारचे, सरकारी योजनेचे आकडे येतात तो क्रमांक अनोळखी माणसाच्या खिशात जातो. रेशनकार्ड हरवले तर तहसील कचेरीत अर्ज करता येतो. हा क्रमांक गेला तर प्रत्येक दाराशी स्वतंत्रपणे आपण आपणच आहोत हे सिद्ध करीत हिंडावे लागते.

जुन्या राज्यकारभारात, त्याचे कितीही दोष असोत, एक साधी शिस्त होती. सरकार ज्या कागदावर अर्ज मागे, त्या कागदावरच्या मुद्रांकाची किंमत सरकारच छापून देई. ५० पैशांचे पोस्टकार्ड मुंबईत ५० पैशांचे आणि सातपुड्याच्या पायथ्याशीही ५० पैशांचेच. नागरिकावर जी वस्तू सक्तीची केली, तिचा भाव दुकानदाराच्या मर्जीवर सोडायचा नाही, हा त्यामागचा विचार होता. फोनच्या बाबतीत तो सोडून देण्यात आला, आणि असा काही विचार होता याची आठवणही कोणी काढत नाही.

हे भांडवलशाही देशांनाही कळते. अमेरिकेत रेगन यांच्या राजवटीत, १९८५ मध्ये, गरीब कुटुंबांच्या दूरध्वनीचा खर्च काही अंशी भरून देणारी 'लाइफलाइन' योजना सुरू झाली आणि पुढे ती मोबाइललाही लागू झाली. रेगन यांना कोणी समाजवादी म्हणणार नाही. आपल्याकडे पैसा नाही असेही नाही. २००२ पासून कंपन्यांच्या महसुलाचा ५ टक्के भाग सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. कंपनी तो भाग शेवटी ग्राहकाकडूनच वसूल करते, म्हणजे तो निधी शेंदूरजनाघाटच्या रिचार्जमधूनही भरला गेला आहे. रिचार्ज संपला तरी येणारा फोन आणि सरकारी संदेश बंद होणार नाहीत, एवढी तरतूद त्यातून मागणे ही काही भिक्षा नव्हे.

रेंजकडे पुन्हा वळू. वरूड तालुका राज्याच्या हद्दीवर आहे. पलीकडे पांढुर्णा, मुलताई. सोयरीक, बाजार, भाषा यांना ती हद्द ठाऊक नाही. दूरसंचाराच्या मंडळांना मात्र आहे. इकडचे मंडळ महाराष्ट्र-गोवा, पलीकडचे मध्य प्रदेश-छत्तीसगड. आपल्याच गावात बसलेल्या माणसाच्या फोनने पलीकडचा मनोरा पकडला की तो कागदोपत्री परप्रांतात गेला, आणि त्याला रोमिंगचा आकार लागला! २०१७ च्या सुमारास स्पर्धेने तो आकार बंद पाडला. परंतु कागदावरचे माप मोठे आणि माणूस लहान, ही रीत तशीच राहिली. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवादर्जाच्या विनियमांत प्रथमच अशी तरतूद आली, की जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर रिचार्जवाल्याला मुदत वाढवून द्यावी. स्वागतार्हच; पण माप जिल्ह्याचे आहे. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत, मेळघाटातील धारणीपासून वरूडपर्यंत. एका गावचा मनोरा चार दिवस मुका झाला तरी जिल्हा बोलतच असतो. भरपाईचे माप मनोरा हे हवे. कोणता मनोरा किती तास बंद होता याची नोंद कंपनीच्या यंत्रांत मिनिटागणिक असते.

राहिला तक्रारीचा मार्ग. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्यात महाराष्ट्रातील या चळवळीचा मोठा वाटा होता. पण टेलिफोनच्या ग्राहकाला त्या कायद्याच्या दारात २००९ साली अडवण्यात आले. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की १८८५ च्या कायद्यात लवादाची तरतूद असल्याने ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही. तो लवाद नेमायचा केंद्र सरकारने! नियामक प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. कंपनीकडे तक्रार करावी, क्रमांक घ्यावा, मग अपील करावे. ते अपील ऐकणारे प्राधिकरणही कंपनीचेच, आणि त्याला निकालासाठी ३९ दिवस.

अहमदाबादच्या एका ग्राहकाचे महिन्याचे बिल सरासरी ५५५ रुपये येई; २०१३ च्या अखेरीस ते २४,६०९ रुपये आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचाकडे धाव घेतली. मंचाला ही तक्रार ऐकता येते की नाही, एवढ्याच प्रश्नावर कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी निकाल लागला, की ऐकता येते. बिल खरे की खोटे, हे त्यानंतर पाहायचे होते. त्या ग्राहकाच्या चिकाटीमुळे खासगी कंपन्यांच्या ग्राहकांसाठी ते दार पुन्हा उघडले, आणि २०२३ च्या कायद्यानेही ग्राहकाचा हा हक्क शाबूत ठेवला आहे.

आज पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे अमरावती, वरूडहून सुमारे नव्वद किलोमीटर. एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे वाचवायचे असेल तर घरबसल्या ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. किंवा १९१५ या मदतक्रमांकावर बोलता येते. रेंज नाही, अशी तक्रार नोंदवण्यासाठी मात्र आधी आपल्या फोनवर एक ओटीपी येतो. तो आला की पुढे जायचे.