एका गोळींतील दोन औषधें



पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या चिकलठाण्यांत रस्त्यांकडेला गाजरगवत फुलतें आणि घरोघरीं शिंका सुरू होतात. या परदेशी तणाची ठळक नोंद आपल्या देशांत १९५६ सालीं पुण्यास झाली. मग आम्ही दुकानांतून एक गोळी आणतों व निश्चिंत होतों. पण त्या एका गोळींत बहुधा दोन औषधें असतात.

क्लोरफेनिरामिन शिंका व खाज शमवितें, परंतु गुंगी आणितें. तें घेऊन कारखान्यांतील यंत्र चालविणें वा जालना रस्त्यावर वाहन हांकणें धोक्याचें. मद्याची जोड तर घातकच. फिनाइलेफ्रिन नाकांतील रक्तवाहिन्या आकुंचित करितें, परंतु रक्तदाबही वाढवूं शकतें. म्हणून रक्तदाब, हृदयविकार, कांचबिंदु वा लघवी अडण्याचा विकार असणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊं नये. हींच द्रव्यें सर्दीच्या इतर औषधांतही असतात; वेष्टण वाचावें, दोन्ही एकदम घेऊं नयेत.

लेंकरांविषयीं विशेष विनंती. चार वर्षांखालील मुलांस हें जोडऔषध देऊं नये, असा इशारा वेष्टणावर छापण्याची आज्ञा केंद्रीय औषध नियंत्रकांनीं डिसेंबर २०२३ मध्यें दिली. आपली गोळी अर्धी मोडून बाळास देणें ही माया नव्हे. त्यास मांडीवर घेऊन रात्र जागविणें व सकाळीं डॉक्टरांकडे नेणें, ही खरी माया होय. आणि धाप लागल्यास सकाळचीही वाट पाहूं नये.