ओल्या रानातली ट्रॉली आणि तिचे टायर

दिवाळीच्या मागेपुढे कारखान्याचे धुराडे पेटते आणि उसाला कोयता लागतो. नेमका याच दिवसांत कधी कधी परतीचा पाऊस रेंगाळतो. २०१९ साली ऑक्टोबरात, आणि पुढे नोव्हेंबरातही, तो कसा कोसळत राहिला हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशा वेळी रान वरून हिरवेगार दिसते, बांधावर गवत माजलेले असते, आणि त्या गवताखाली काळी माती लोण्यासारखी मऊ झालेली असते. या रानातून भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढायची, म्हणजे घरच्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. आज त्याच विषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय टायरचा आहे, पण तो टायरपाशी थांबत नाही.

आधी माझ्याच शेतातला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची उसाची ट्रॉली बांधालगतच्या गवतावर फसली. रस्ता अवघा पन्नास पावलांवर. ट्रॅक्टरचे मागचे चाक जागच्या जागी फिरून निम्मे मातीत गेले होते. कुणी तरी बाभळीचा ओंडका आणला आणि साखळीने चाकाला बांधला. पुतण्या ट्रॅक्टरवर बसला होता. त्याने क्लच सोडला मात्र, चाक तिथेच राहिले आणि पुढची दोन्ही चाके हातभर वर उचलली गेली. पोराचा पाय वेळेवर क्लचवर पडला, म्हणून ट्रॅक्टर पुन्हा खाली टेकला. सगळे गप्प झाले. शेजारचे तात्या एवढेच म्हणाले, "अरे, बैल फसला तर आपण त्याला मारतो का? आधी ओझं उतरवतो. मोळ्या उतरवा." मोळ्या उतरवायला दोन तास गेले. पण त्या दिवशी सगळे धडपणे घरी आलो.

त्यानंतर मी या प्रश्नाकडे नीट पाहू लागलो. आपण म्हणतो, "ट्रॅक्टर फसला." बहुतेक वेळा खरी फसलेली असते ती ट्रॉली. ट्रॅक्टर तिला ओढताना चाक फिरवत राहतो आणि मग तोही खाली जातो. असे का होते, ते एका साध्या हिशेबाने कळेल.

टायर जमिनीवर किती दाब देतो? ढोबळ मानाने, त्याच्यात जितक्या दाबाची हवा असेल तितका. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात शेतकामाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो हवा असते, म्हणजे १४ पौंडांच्या आसपास. त्या चाकावर ६५० किलो भार असला, तर सुमारे ६५० चौरस सेंटिमीटर जागा तो भार झेलते. आता ट्रॉली पाहा. उसासकट ८ टन वजन, चाके चार, म्हणजे एका चाकावर २,००० किलो. टायर ट्रकचा, हवा १०० पौंड, म्हणजे सुमारे ७ किलो. दोन हजारांना सातांनी भागा. सुमारे २८५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम वीतभर लांब, वीतभर रुंद अशा तुकड्यावर दोन टन उभे! ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा सातपट दाब. जुन्या बैलगाडीची लोखंडी धाव मऊ रानात चाकोरी कापीत जायची, तसाच हा टायर माती कापत जातो. आणि चाक जितके खोल जाते, तितकी त्याच्यापुढे मातीची भिंत उभी राहते. ट्रॅक्टरला मग पुढे ओढण्याऐवजी ट्रॉली खड्ड्यातून वर चढवावी लागते.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात येईल. ट्रॅक्टरच्या चाकाचे काम वेगळे आणि ट्रॉलीच्या चाकाचे वेगळे. एकाने जमीन धरायची, दुसऱ्याने जमिनीवर तरंगायचे. म्हणून दोघांचे टायरही वेगळ्या कसोटीने निवडले पाहिजेत.

आधी ट्रॅक्टरचे टायर घेऊ. ओले गवत फसवे असते. चाकाखाली ते आडवे होते, चिरडते, त्याचा रस सुटतो, आणि माती व रबर यांच्यामध्ये एक निसरडा थर तयार होतो. तो थर भेदून खालच्या मातीत रुतेल असा उंच दातांचा टायरच तिथे कामाला येतो. टायर गोटा झाला असेल तर कितीही ताकदीचा ट्रॅक्टर जागेवरच फिरेल. भातखाचरासाठी आणखी खोल दातांचे टायर मिळतात. पण डांबरी रस्त्यावर ते लवकर झिजतात. म्हणून घेण्याआधी स्वतःला विचारा : वर्षातले किती तास माझा ट्रॅक्टर चिखलात असतो आणि किती तास कारखान्याच्या रस्त्यावर? बहुतेकांना नेहमीचे शेतीचे टायरच बरे. तिरप्या दातांचे टायर उलटे बसवले तर चिखल बाहेर फेकला न जाता दातांतच भरून राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहा. दातांची जोडी घराच्या छपरासारखी, टोक वर, अशी दिसली पाहिजे.

टायरच्या अंगावर १३.६-२८ असे आकडे असतात. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. रुंद टायर कमी रुततो, पण तो रिमला आणि ट्रॅक्टरला बसतो की नाही हे कंपनीच्या पुस्तकात पाहूनच घ्यावा. रेडियल टायर महाग पडतो. त्याची कूस मऊ असल्यामुळे तो जमिनीवर लांब टेकतो व धरतोही चांगला. परवडत असेल तर जरूर घ्या. पण मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकाच जातीचे असू द्या.

चाकाला पकड देणारी दुसरी गोष्ट म्हणजे वजन. टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरण्याची रीत पुष्कळांना ठाऊक आहे. १३.६-२८ मापाच्या टायरात सुमारे २०० लिटर पाणी मावते, म्हणजे प्रत्येक चाकावर २०० किलो वाढले. पण हे वजन वर्षभर वाहायचे नाही. ओढकाम संपले की काढून टाकावे. नाही तर डिझेलही जाते आणि जमीनही दाबली जाते.

आता ट्रॉलीकडे येऊ. ट्रॉलीला उंच दातांचे टायर लावून काही साधत नाही, कारण ते चाक स्वतः ओढत नसते. बाजारातून ट्रकचे जुने टायर आणून लावले की काम भागते, असे आपण समजतो. रस्त्यावर ते भागतेही. पण ज्यांचे रान काळे आहे आणि बांधाचा रस्ता लांब आहे, त्यांनी शेती-अवजारांच्या रुंद टायरांचा विचार जरूर करावा. रुंद टायर जवळजवळ निम्म्या हवेवर तेवढेच ओझे पेलू शकतो. त्यासाठी रिमही रुंद लागते, म्हणजे खर्च आहे. पण एकदा फसलेली ट्रॉली काढताना जे डिझेल, जी मजुरी आणि जो जीव पणाला लागतो, तोही खर्चात धरायला हवा. ट्रकचेच टायर ठेवायचे असतील, तर निदान नक्षी शिल्लक असलेले ठेवा. बांधाच्या उतारावर ओल्या गवतावरून गोटा टायरची ट्रॉली आडवी घसरते. पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, मग ती ट्रॅक्टरलाच ढकलत खाली नेते. उतारावर खालच्या गिअरमध्ये चला आणि क्लच दाबू नका.

हवा कमी करण्याविषयी एक इशारा. भरलेल्या ट्रॉलीच्या टायरची हवा मनाने सोडून देऊ नका. कूस दुमडते, टायर तापतो आणि रस्त्यावर फुटतो. किती ओझ्याला कमीत कमी किती हवा, याचा तक्ता टायरची कंपनी देते. तो दुकानदाराकडून मागून घ्या. शेतातून निघताना अर्धेच ओझे, तेवढ्या ओझ्याला चालणारी हवा, आणि रस्त्यावर आल्यावर बाकीच्या मोळ्या भरून हवा पुन्हा पूर्ण करणे, ही खरी रीत. पंप जवळ नसेल तर हवा तशीच राहू द्या, पण अर्ध्या ओझ्याचा नियम मोडू नका.

आपला ट्रॅक्टर किती घसरतो, हे घरीच मोजता येते. मागच्या चाकावर चुन्याची एक खूण करा. रिकामा ट्रॅक्टर त्याच रानात चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत चालवा आणि तेवढे अंतर दोन खुंट्यांनी नोंदवा. आता ट्रॉली जोडून तेच अंतर चाला. साडेअकरा फेऱ्यांपर्यंत झाल्या तर ठीक. साडेबारा झाल्या, तर दर पाच फेऱ्यांतली एक फुकट गेली असे समजा. तिथे वजन वाढवा किंवा ओझे कमी करा.

आणि तरीही चाक फिरू लागलेच, तर ताबडतोब थांबा. जास्त वेग दिला की चाक विहीर खणते. एकच चाक फिरत असेल तर थांबून डिफरन्शियल लॉक लावा, सरळ रेषेत निघा आणि वळायच्या आधी तो काढा. चाकांपुढे पाचट किंवा मुरूम पसरा. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे असेल तर तो टणक जमिनीवर उभा करा आणि सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दुप्पट दूर ठेवा. तुटलेला तारदोर चाबकासारखा येतो. पण चाकाला ओंडका कधीही बांधू नका. चाक अडले की इंजिन चाकाऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच कण्याभोवती फिरवू लागते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो चालकाच्या अंगावर उलटतो. याच कारणासाठी साखळी मागच्या कण्याच्या वर कधी अडकवू नये. ओढायची ती खालच्या ड्रॉबारनेच.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. हा धडा मुलांना सायकलवर शिकवता येईल. एक मूल बसलेल्या सायकलचे मागचे चाक कागदावर टेकवा आणि चहूबाजूंनी पातळ पट्ट्या सरकवून ते कुठवर टेकते त्याच्या खुणा करा. चौकटीच्या कागदावर क्षेत्रफळ मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. ठसा वाढलेला दिसेल. भार तोच, जागा जास्त, म्हणून दाब कमी. जे मूल हे हाताने करून पाहील, ते घरी जाऊन वडिलांना प्रश्न विचारील, आणि तो प्रश्न कदाचित माझ्या या भाषणापेक्षा जास्त ऐकला जाईल.

तेव्हा श्रोतेहो, टायर घ्यायला जाल तेव्हा दुकानात किंमत विचारण्याआधी आपल्या रानातली ती शेवटची पन्नास पावले डोळ्यांपुढे आणा. सकाळी बांधावर जा आणि मूठभर माती दाबून पाहा. तिची पिळदार वात वळत असेल, तर त्या दिवशी ट्रॉली रस्त्यावरच उभी ठेवा आणि मोळ्या डोक्यावरून न्या. दोन तास उशीर होईल. होऊ द्या. कारखान्याचा वजनकाटा उद्याही तिथेच असणार आहे. घरचे माणूस मात्र संध्याकाळी घरी आले पाहिजे.