मोटारीच्या आंतला गोंगाट



मोटारींत मागें बसलेल्या वृद्ध माणसांस पुढच्यांचें बोलणें ऐकूं येत नाहीं, आणि दोन घटका प्रवास झाला कीं चालकाचें डोकें जड होतें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांचा असेल. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्णपणें खुला झाला. तेथील कांक्रीटवर तर हा घोष विशेषच जाणवतो. तो कमी कसा करावा, याचा आज थोडा विचार करूं.

या गोंगाटाचा दोष आपण सहसा इंजिनाच्या माथीं मारतों. परंतु वेग ताशीं सुमारें ५० किलोमीटरच्या वर गेला म्हणजे टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज इंजिनावर मात करूं लागतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर त्यास झांकणारा इंजिनाचा आवाजच नसतो.

हा आवाज दोन वाटांनीं आंत येतो. टायरचे हादरे स्प्रिंगांतून सांगाड्यास पोंचतात आणि तळाचा व दारांचा पत्रा स्वतःच थरथरूं लागतो. हा खर्जांतला, घुमणारा आवाज. दुसरा हवेच्या वाटेनें, फटींतून व कांचांतून येतो. तो वरच्या पट्टीचा. रोग दोन, तेव्हां औषधेंही दोन.

पितळेची परात वाजवून तिच्यावर तळहात ठेवा. नाद तत्काळ थांबतो. पहिलें औषध हेंच करतें. ब्युटाईल रबराचा सुमारें २ मिलिमीटर जाडीचा चिकट थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, अशी ही डॅम्पिंग शीट असते. मोटारीचा पत्रा थरथरला कीं मधलें रबर दोहोंमध्यें ओढलें जातें आणि कंपाची शक्ति उष्णतेंत विरून जाते. याकरितां सबंध पत्रा मढविण्याचें कारण नाहीं. सपाट भागांच्या मध्यावर, चौथा हिस्सा ते निम्मी जागा व्यापली तरी बहुतेक काम होतें. बोटाच्या पेरानें ठोकून पाहावें. खणखणाट जाऊन बद्द आवाज आला कीं पुरे.

हवेंतून येणाऱ्या आवाजास वजनदार, लवचिक पडदा लागतो. त्याखालीं फोमचा थर देतात. पडद्याचें वजन दुप्पट केलें, तर अडवणूक सुमारें ६ डेसिबलांनीं वाढते. परंतु क्षेत्राचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी पडदा कितीही जड असो, २० डेसिबलांपलीकडे लाभ नाहीं. म्हणून आधीं दारांचीं रबरें तपासावीं. नुसता पातळ फोम चिकटवून रस्त्याची घरघर थांबत नाहीं. त्यावरचा खर्च व्यर्थ होय.

अपेक्षाही माफक असावी. ३ डेसिबल घट म्हणजे आवाजाची शक्ति निम्मी. पण कानास आवाज निम्मा वाटावयास सुमारें १० डेसिबलांची घट लागते. तरीही खर्जांतली घरघर ओसरली कीं बोलणें सुगम होतें.

आतां कांहीं इशारे. दाराच्या तळाशीं पाणी निथळण्याचीं छिद्रें असतात. तीं बुजविलीं, तर पावसाळ्यांत पाणी सांचून पत्रा गंजेल. डांबराच्या स्वस्त शीटा वैशाखाच्या उन्हांत मऊ पडतात व वास मारतात. छताच्या कडेला एअरबॅग असते. तिच्या मार्गांत कांहींही चिकटवूं नये.

सर्वांत महत्त्वाचें हें कीं, आवाज दडपण्यापूर्वीं तो ओळखावा. टायर वेडेवांकडे झिजले, किंवा चाकाचें बेअरिंग निकामी होऊं लागलें, तरीही गुरगुर उठते. ती इशाऱ्याची हांक आहे. तिच्यावर रबर चिकटविणें म्हणजे ताप दिसूं नये म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखें आहे. आधीं चाकें कारागिराकडून तपासून घ्यावीं, आणि तीं निर्दोष ठरल्यावरच पत्र्यास हात घालावा.